बायोप्रिंटिंग शिकायचंय? सिरिंज, अल्जिनेट आणि कोकणातली दमट हवा

बायोप्रिंटिंग म्हणजे जिवंत पेशी जेलमध्ये मिसळून प्रिंटरने थरावर थर छापायच्या. पहिलं एक क्लिअर करून टाकतो म्हणजे पुढे भांडण नको. किडनी, लिव्हर, हार्ट असा आख्खा अवयव प्रिंट करून माणसाच्या शरीरात बसवला आणि तो चालायला लागला, असं अजून जगात कुठेही झालेलं नाही. व्हॉट्सअपवर धडधडत्या हृदयाचे व्हिडिओ फिरतात ते सोडून द्या. खरी बातमी २०१९ ची आहे, तेल अवीव युनिव्हर्सिटीत ताल द्विर यांच्या टीमने पेशंटच्या पोटातल्या चरबीच्या टिश्यूतून पेशी आणि जेल दोन्ही काढून त्यातून सशाच्या हृदयाएवढं छोटं हृदय प्रिंट केलं, पण त्यातल्या पेशी नुसत्या आकुंचन पावत होत्या, रक्त पंप करायचं काम ते हृदय करत नव्हतं. दुसरं लोक हमखास मूत्राशयाचं उदाहरण देतात, अँथनी अटाला यांच्या टीमने लॅबमध्ये वाढवलेली मूत्राशयं पेशंटना बसवली आणि २००६ साली त्याचा पेपर आला हे सगळं खरंय, पण ती प्रिंट केलेली नव्हती हो, साचा करून त्यावर हाताने पेशी पेरल्या होत्या.

मग छापून माणसात काय गेलंय? २०२२ मध्ये अमेरिकेत थ्रीडीबायो थेरप्युटिक्स कंपनीने पेशंटच्या स्वतःच्या कार्टिलेजच्या (कूर्चेच्या) पेशी वापरून बाह्य कान प्रिंट केला आणि तो एका वीस वर्षांच्या मुलीला बसवला गेला. आपल्याकडे त्याच वर्षी हैदराबादच्या एल व्ही प्रसाद आय इन्स्टिट्यूट, आयआयटी हैदराबाद आणि सीसीएमबी ही पेशींवर संशोधन करणारी संस्था यांनी मिळून कॉर्निया (डोळ्यापुढचा पारदर्शक पडदा) प्रिंट करून सशाच्या डोळ्यात बसवला. बंगळुरूची पँडोरम कंपनी २०१५ पासून लिव्हरच्या टिश्यूसाठी ओळखली जाते, नंतर त्यांनीही कॉर्नियावर काम सुरू केलं.

आता बघा, कान, कॉर्निया, कार्टिलेज. ही नावं उगाच नाही येत परत परत. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, कार्टिलेजमध्येही नसतात. आणि या अख्ख्या विषयाची मेख तिथेच आहे. पेशीला ऑक्सिजन लागतो आणि रक्तवाहिनीपासून साधारण १०० ते २०० मायक्रॉनच्या पुढे गेलात, म्हणजे फार तर मिलिमीटरचा पाचवा हिस्सा, की ऑक्सिजन नुसता झिरपून पुरत नाही. तुम्ही एक सेंटीमीटर जाडीचा छान चौकोनी तुकडा प्रिंट केलात, आत कोट्यवधी जिवंत पेशी, तरी त्याच्या आत केशवाहिन्यांचं जाळं नसेल तर मधला भाग मरणार. बाहेरून मस्त, आतून खलास. त्यामुळे 'प्रिंट' करणं हा यातला सोपा भाग आहे, प्रिंट झालेलं जगवणं हे खरं काम. मी शिकवतो तेव्हा पहिल्याच तासाला हे सांगून टाकतो, नाहीतर मुलं प्रिंटरच्या मागे लागतात आणि जगवण्याकडे कोणी बघत नाही.

हे सगळं ऐकून आमच्या वाडीतल्या एका काकीने विचारलं, "मगे माझो गुडघो छापून गावतलो काय रे?" म्हणजे छापून मिळेल का. हसू आलं सगळ्यांना, पण प्रश्न एकदम बरोबर जागी होता. गुडघ्याच्या कार्टिलेजला रक्तवाहिनी लागत नाही म्हणून त्यावर जगभर काम चालू आहे, फक्त चालताना गुडघ्यावर जो भार येतो तो सहन करणारं आणि खालच्या हाडाला घट्ट चिकटून राहणारं कार्टिलेज बनवणं अवघड आहे. काकींना आत्ता तरी ऑर्थोपेडिककडेच जावं लागेल.

तर मग शिकून करायचं काय? औषधं तपासणं. प्रिंट केलेल्या लिव्हरच्या किंवा त्वचेच्या छोट्या तुकड्यावर औषध टाकून बघता येतं. अमेरिकेने २०२२ च्या शेवटी कायदा बदलून नव्या औषधाला प्राण्यांवरच्या चाचणीची सक्ती काढली, आपल्याकडेही २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन ऑर्गन-ऑन-चिप (छोट्या चिपवर पेशी वाढवून अवयवाची नक्कल) आणि बायोप्रिंटिंगसारख्या पद्धती मान्य झाल्या. नोकऱ्या, प्रोजेक्ट, पीएचडी जे काय आहे ते सध्या या बाजूला जास्त आहे.

प्रकार किती आणि आपण कुठला घ्यायचा

प्रकार मुख्य चार. इंकजेट, म्हणजे थेंब थेंब टाकणारा. सुरुवातच तिथून झाली, १९८८ मध्ये रॉबर्ट क्लेबी यांनी साध्या एचपीच्या इंकजेट प्रिंटरने पेशींना चिकटवणारं प्रोटीन छापलं आणि पुढे २००३ च्या सुमारास क्लेमसन युनिव्हर्सिटीच्या थॉमस बोलँड यांनी बदल केलेल्या इंकजेट प्रिंटरमधून जिवंत पेशी छापून दाखवल्या. दुसरा एक्स्ट्रूजन, सिरिंजमधून जेल दाबून धागा काढायचा. तिसरा लेझरवाला, महाग, सोडा. चौथा प्रकाशाने घट्ट होणाऱ्या जेलचा, यात बारकावा जबरदस्त येतो, राइस युनिव्हर्सिटीच्या जॉर्डन मिलर यांच्या टीमने २०१९ मध्ये याच पद्धतीने फुप्फुसातल्या हवेच्या पिशवीचं मॉडेल केलं, हवा आत-बाहेर होतेय आणि बाजूच्या नळ्यांतून रक्त फिरतंय असं. आणि प्रकाश नको तिथे पोचू नये म्हणून त्यांनी काय वापरलं माहितीये? टार्ट्राझिन, खाण्याचा पिवळा रंग.

आपण एक्स्ट्रूजन घ्यायचं. स्वस्त आहे, समजायला सोपं आहे आणि घरी किंवा कॉलेजात करता येतं. शिरवाळे (तांदळाच्या शेवया) पाडताना शेवग्यात, म्हणजे शेवया पाडायच्या साच्यात, पीठ भरून दाबतो ना, तेच तत्त्व, उकड सैल झाली तर ताटात लगदा आणि घट्ट झाली तर दांडा तुटेपर्यंत दाबा. बाकी मशिनचं काम इतकंच की दाबणं आणि सरकवणं एकाच वेळी, एकाच मापाने.

आणि हे आत्ताच लिहून ठेवतो, घरी जे करायचं ते बिनपेशीच्या जेलवर आणि फार तर बेकरीच्या यीस्टवर. माणसाच्या किंवा प्राण्याच्या पेशी घरी आणायच्या नाहीत, त्याबद्दल शेवटी.

मशिन

जुना एन्डर टाइपचा (प्लॅस्टिक छापणारा साधा) थ्रीडी प्रिंटर मिळाला तर घ्या, चालू असला म्हणजे झालं, हॉटएंड (प्लॅस्टिक वितळवणारं टोक) खराब असेल तर उलट भाव पाडून मागा कारण तो आपण काढूनच टाकणार आहोत. त्याच्या जागी सिरिंज पंप बसवायचा. याची डिझाइन फुकट मिळते, कार्नेगी मेलनच्या अ‍ॅडम फाइनबर्ग यांच्या लॅबचा रेप्लिस्ट्रूडर नावाचा पंप ओपन सोर्स आहे, त्याचे पार्ट पीएलए प्लॅस्टिकमध्ये प्रिंट करायचे, एक नेमा १७ मापाची स्टेपर मोटर, एक लीड स्क्रू आणि स्क्रू-नट. मोटरची वायर प्रिंटरच्या मूळच्या एक्स्ट्रूडर मोटरच्याच जागी लागते.

दोन सेटिंग्स बदलल्याशिवाय काहीच हलणार नाही. एक, प्रिंटर थंड नोझलने एक्स्ट्रूड करायला नकार देतो, त्याला एम३०२ पी१ ही कमांड स्टार्ट कोडमध्ये द्यायची. दोन, स्टेप्स. साधी मोटर एका फेऱ्याला २०० स्टेप घेते, ड्रायव्हर (मोटर चालवणारं सर्किट) १६ मायक्रोस्टेपवर असेल तर ३२००, लीड स्क्रू एका फेऱ्यात ८ एमएम सरकत असेल तर ३२०० भागिले ८ म्हणजे ४०० स्टेप्स पर एमएम. स्क्रू २ एमएम लीडचा असेल तर १६००, आणि खरं सांगायचं तर तोच घ्या, कंट्रोल बारीक मिळतो.

मग स्लायसरमध्ये (मॉडेलचे थर पाडून प्रिंटरला सूचना देणारं सॉफ्टवेअर) फिलामेंट डायमीटर असा एक रकाना असतो, तिथे १.७५ ऐवजी सिरिंजचा आतला व्यास टाकायचा, बस, बाकी गणित सॉफ्टवेअर करतं. व्यास छापील आकड्यावरून घेऊ नका, व्हर्नियरने मोजा, कंपनीगणिक फरक असतो.

इथे जरा थांबून एक गणित करूया कारण नव्वद टक्के त्रास याच्यातून येतो. समजा १० एमएलची सिरिंज आहे, आतला व्यास १५ एमएम. दट्ट्या १ एमएम खाली गेला की जवळपास ०.१८ एमएल जेल बाहेर पडतं. सुईतून येणारा धागा ०.४ एमएमचा. म्हणजे त्या एका एमएममधून किती लांब धागा निघाला? साधारण १.४ मीटर! आता तुमच्या पंपात नट आणि स्क्रूच्या मध्ये अर्धा एमएम जरी ढिलं असेल तर पाऊण मीटर धागा एक तर आलाच नाही किंवा नको तिथे पडला. म्हणून ५ एमएलची, बारीक सिरिंज घ्या, जेल कमी मावेल पण हातात राहील. आणि रबरी दट्ट्या दाबला की आधी थोडा चेपतो, मग जेल निघायला लागतं, आणि मोटर थांबली तरी आतला दाब उतरेपर्यंत टपटप चालूच. रिट्रॅक्शनने, म्हणजे दट्ट्या थोडा मागे ओढण्याच्या सेटिंगने, हे जात नाही, ते शून्य करून टाका, त्यापेक्षा प्रिंटच्या आधी बाजूला दोन-तीन रेघा ओढून प्रवाह सलग झाला की मग खरं काम सुरू करायचं.

सुई बोथट हवी, २२ गेजची, आतून सुमारे ०.४१ एमएम. मेडिकलमधली टोकदार सुई वापरायला जाऊ नका, बेडवर घासते आणि बोटात पण घुसते. ग्लू डिस्पेन्सिंगच्या बोथट सुया ऑनलाइन मिळतात, त्यातही प्लॅस्टिकची शंकूच्या आकाराची मिळाली तर सर्वात बेस्ट, कारण लांब सरळ सुईत जेल पूर्ण लांबीभर घासत येतं, शंकूत फक्त टोकाशी. पुढे पेशी वापराल तेव्हा हा फरक जिवावरचा असतो.

जेल

शाई म्हणतात तिला, बायोइंक, पण पेशी नसतील तोवर ते नुसतं जेलच. सोडियम अल्जिनेट घ्यायचं, फूड ग्रेड पावडर मिळते. हे तपकिरी समुद्री शेवाळातून काढतात, म्हणजे ओहोटीला खडकांवर जे सरगॅसम दिसतं ना आपल्याकडे, त्याच जातकुळीतून. आता लगेच कोणीतरी म्हणणार की मग मालवणातून पोतं भरून आणतो आणि घरीच काढतो. काढता येतं, आधी सौम्य अ‍ॅसिड मग धुण्याचा सोडा असं करून, पण एक तर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला सागरी अभयारण्य आहे, तिथून काही उपटून आणायचं नाही, आणि दुसरं म्हणजे प्रत्येक वेळी जाडी वेगळी येते त्यामुळे प्रिंट बिघडलं तर दोष मशिनचा की जेलचा हेच कळत नाही. शिकताना विकतचं घ्या.

पाणी डिस्टिल्ड. सरावासाठी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते डीएम वॉटर चालतं. विहिरीचं किंवा नळाचं नको, त्यात कॅल्शियम असेल तर आधीच गुठळ्या.

१०० एमएल पाणी ५० डिग्रीपर्यंत गरम करा, त्यात ८ ग्रॅम जिलेटिन विरघळवा, पूर्ण विरघळलं की ४ ग्रॅम अल्जिनेट चिमटीचिमटीने भुरभुरत ढवळत राहा. एकदम ओतलंत तर वरून ओल्या आणि आतून कोरड्या गुठळ्या होतात आणि त्या फोडता फोडता संध्याकाळ होते. मिक्सरला लावू नका, फेस होतो, फेसातले बुडबुडे सिरिंजमध्ये गेले की धागा मध्येच तुटतो आणि मग फस्सकन हवा येते. कोमट ठेवून तासभर तसंच राहू दे, बुडबुडे वर येतात. खाण्याच्या रंगाचा एक थेंब घाला म्हणजे धागा दिसतो. कोमट असतानाच सिरिंजमध्ये ओढा, तोंड वर करून टिचक्या मारून हवा काढा, मग अर्धा तास थंड जागी.

दोन गोष्टी का घातल्या? जिलेटिन थंडाव्याने घट्ट होतं, ते प्रिंट होईपर्यंत आकार धरून ठेवतं. अल्जिनेट कॅल्शियमने घट्ट होतं, ते नंतर आकार पक्का करतं. आणि पेशी वापरायची वेळ आली की अजून एक कारण, पेशींना नुसत्या अल्जिनेटला धरून बसता येत नाही, त्यात धरायला जागाच नसते, जिलेटिनमध्ये असते.

कॅल्शियम क्लोराइडचं पाणी वेगळं बनवा, १०० एमएलला डायहायड्रेट (पाणी धरलेलं) असेल तर दीड ग्रॅम, अ‍ॅनहायड्रस असेल तर १.१ ग्रॅम, दोन्हीपैकी कुठलंही घेतलं तरी तीव्रता तीच, १०० मिलीमोलर, होते. चष्मा लावा, विरघळताना पाणी गरम होतं. आणि पावसाळ्यात कोकणात या पावडरीचं जे होतं ते बघण्यासारखं असतं, हवेतलं पाणी ओढून ओढून डब्यातच तिचं पाणी होतं. मग दीड ग्रॅम मोजलंत त्यात कॅल्शियम किती आणि जून-जुलैची हवा किती देव जाणे. पाकीट फोडलं की त्याच दिवशी सगळ्याचं मापात पाणी करून बाटलीत भरून ठेवा, पावडर म्हणून ठेवूच नका.

उन्हाळ्याचा घोळ

परदेशातले व्हिडिओ बघून करणाऱ्यांचं इथे हमखास फसतं. तिकडे खोली २२ डिग्रीला असते, जिलेटिन छान बसलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पंख्याखाली ३३, आणि जिलेटिन तिशीच्या आसपासच वितळायला लागतं. सुईतून धागा नाही, धार लागते. उपाय तीन आहेत. एसीची खोली असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर सिरिंजभोवती आइस जेलचं पॅक गुंडाळून पहाटे प्रिंट करा, चालतं पण पॅक गरम होईल तशी जाडी बदलत जाते. तिसरा मला सगळ्यात पटतो, जिलेटिनच सोडून द्या आणि सपोर्ट बाथमध्ये प्रिंट करा.

सपोर्ट बाथ म्हणजे जेलच्या काल्यात सुई बुडवून आतल्या आत प्रिंट करायचं, काला धाग्याला जागच्या जागी धरून ठेवतो, खाली पडू देत नाही. फाइनबर्ग यांच्या टीमने २०१५ मध्ये ही फ्रेश नावाची पद्धत मांडली आणि २०१९ मध्ये त्यातूनच कोलाजेनचे हृदयाचे भाग, व्हॉल्व वगैरे प्रिंट करून दाखवले. त्यांचा काला जिलेटिनचा, ३७ डिग्रीला वितळवून काढता येतो म्हणून. आपल्या हवेत तो आधीच वितळतो. मग काय, चायना ग्रास, म्हणजेच अगार! ते एकदा बसलं की ८५ डिग्रीच्या आसपास जाईपर्यंत वितळत नाही. २०० एमएल पाण्यात १ ग्रॅम चायना ग्रास उकळून पूर्ण विरघळवा आणि थंड होईपर्यंत ढवळत राहा, थांबायचं नाही, म्हणजे एकसंध वडी न बसता बारीक कणांचा ओलसर काला तयार होतो. बर्मिंगहॅम युनिव्हर्सिटीतले लोक अगारोज वापरून याच धाटणीची पद्धत करतात. काल्यात कॅल्शियम क्लोराइड अगदी थोडं, १०० एमएलला ०.१५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे अल्जिनेट पडल्या पडल्या धरेल. जास्त घातलंत तर सुईच्या तोंडातच धरेल आणि सुई बंद. या बाथमध्ये मात्र शंकू चालत नाही, बारीक लांब सुई लागते कारण शंकू काला ढकलत जातो. झाल्यावर अगार वितळवून नाही, हळूहळू पाण्याने धुऊन काढायचा.

प्रिंट

पहिलं मॉडेल कानाचं नको. सगळ्यांना कानच करायचा असतो! २० बाय २० एमएमचा चौकोन, दोन लेअर, स्लायसरमध्ये वॉल (बाहेरची भिंत) शून्य, वरचे-खालचे लेअर शून्य, इनफिल (आतला भराव) २० टक्के सरळ रेघांचा, म्हणजे आपोआप जाळी होते. लेअर ०.३ एमएम, स्पीड ५ ते १० एमएम प्रति सेकंद, बेड हीटर बंद. काचेवर करा.

त्याआधी एक साधी टेस्ट, सुई हवेत धरून थोडं दाबा. टोकाला थेंब जमून टपकला तर जेल सैल किंवा गरम. सलग धागा लोंबला तर तयार. तुटक, खडबडीत धागा आला तर जेल जास्तच घट्ट झालंय, दोन मिनिटं मुठीत धरा.

जाळी झाली की जवळून बघा, तिच्यात सगळी गोष्ट लिहिलेली असते. भोकं चौकोनी आली तर छान. भोकांचे कोपरे गोल झाले, वरचा धागा खालच्यात विरघळल्यागत बसला, तर जेल सैल. धागा कोपऱ्यावर ओढला जाऊन तुटला तर स्पीड जास्त. सुरुवातीच्या बाजूला बारीक आणि शेवटाला जाड, तर तो दट्ट्याचा दाब, वर सांगितलेला. डोळ्यावर विश्वास नसेल तर मोबाइलने वरून फोटो काढा, इमेजजे नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यात भोकाचा परीघ आणि क्षेत्रफळ मोजा, परिघाचा वर्ग भागिले क्षेत्रफळाच्या १६ पट. पक्क्या चौकोनाला १ येतं, पूर्ण गोल झालेल्या भोकाला ०.७९ च्या जवळ. ०.९ च्या वर असाल तर पुढे जा. मी हा आकडा वहीत लिहायला लावतो, सोबत खोलीचं तापमान, कारण आठ दिवसांनी 'त्या दिवशी मस्त आलं होतं' याला काही अर्थ नसतो.

मग कॅल्शियम. ओतू नका एकदम, जाळी तरंगत जाईल. आधी स्प्रेच्या बाटलीने तुषार, मिनिटभर थांबा, मग कडेने हळूच ओता, पाच ते दहा मिनिटं. जास्त वेळ ठेवलं की आकसतं आणि ठिसूळ होतं. नंतर चिमट्याने उचलून बघा, उचललं गेलं पाहिजे.

आता यीस्ट

इथून जिवंत काहीतरी सुरू होतं. बेकरीचं ड्राय यीस्ट एक-दीड ग्रॅम, थोड्या कोमट पाण्यात जागं करा, जिलेटिन नसलेल्या अल्जिनेटमध्ये हलक्या हाताने मिसळा. मिसळायची रीत शिकून घ्या कारण पुढे पेशींना तीच लागते, दोन सिरिंजा तोंडाला तोंड लावून मधे लुअर कनेक्टर (दोन सिरिंजा जोडणारा तुकडा), आणि जेल इकडून तिकडे, तिकडून इकडे, हवा न घेता. प्रिंट करा, कॅल्शियममध्ये घट्ट करा, धुवा आणि साखरेच्या पाण्यात टाका. काही तासांत जाळीला बुडबुडे लागतात. बाटलीचं झाकण घट्ट लावू नका, गॅस होतो, तोंडाला फुगा लावा.

नुसते बुडबुडे बघून खूश होऊ नका पण. तीन बाटल्या करा. एकीत प्रिंट केलेली जाळी, दुसरीत त्याच शाईचे तेवढ्याच वजनाचे हाताने टाकलेले थेंब, तिसरीत उकळून मारलेल्या यीस्टची जाळी. तिसरा फुगा फुगला तर तुमच्या साखरेच्या पाण्यातच दुसरं काहीतरी वाढतंय. पहिला आणि दुसरा सारखे फुगले तर सुईतून जाताना यीस्ट मेलं नाही. कॉलेजचा मायक्रोस्कोप असेल तर मिथिलिन ब्ल्यू टाकून बघा, मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत रंगहीन राहतात. ही तीन बाटल्यांची सवय लागली ना, की समजा निम्मं बायोप्रिंटिंग आलं.

यीस्ट मात्र दणकट जात आहे, पाच मायक्रॉनची आणि बाहेर भिंत. माणसाच्या पेशी त्यापेक्षा मोठ्या आणि भिंत नाही, नुसतं पातळ आवरण. सुईचा आतला व्यास अर्धा केला आणि दर सेकंदाला तेवढंच जेल काढलं तर साध्या द्रवासाठी सुईच्या भिंतीजवळचं घर्षण आठपट होतं. अल्जिनेट दाबलं की पातळ होतं म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी, पण दिशा तीच. म्हणून बारीक नक्षीच्या नादात पेशींचा चुराडा होतो.

खऱ्या पेशी

हे संस्थेतच. पुण्याच्या एनसीसीएस या संशोधन संस्थेत पेशींचं राष्ट्रीय भांडार आहे, तिथून संस्थांना सेल लाइन (लॅबमध्ये वाढवत ठेवता येणाऱ्या पेशी) मिळतात. बायोसेफ्टी कॅबिनेट, इन्क्युबेटर ३७ डिग्री आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) १२१ डिग्री. संस्थेची बायोसेफ्टी कमिटी लागते, माणसाचं टिश्यू असेल तर एथिक्स कमिटीसुद्धा, आणि स्टेम सेल असतील तर आयसीएमआर-डीबीटीची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचूनच पाऊल टाका.

रीत तुम्हाला आता ओळखीची वाटेल. पेशी वाढवायच्या, मोजायच्या, एका एमएलला दहा लाख ते एक कोटी अशा जेलमध्ये दोन सिरिंजांनी मिसळायच्या, अर्ध्या तासाच्या आत प्रिंट करायचं कारण सिरिंजमध्ये पेशी तळाला बसतात आणि उपाशीही राहतात, घट्ट करायचं, मीडियात (पेशींच्या अन्नाच्या द्रवात) ठेवायचं. ३७ डिग्रीला जिलेटिन विरघळून बरंचसं निघून जातं, मागे अल्जिनेटची जाळी आणि पेशी. धुवायला फॉस्फेटवालं बफर वापरलंत तर ते कॅल्शियम खेचून घेतं आणि जाळी मऊ पडते, म्हणून फॉस्फेट नसलेलं सलाइन, त्यात थोडं कॅल्शियम घालून. दुसऱ्या दिवशी लाइव्ह-डेड रंग, जिवंत हिरव्या, मेलेल्या लाल.

आत नळ्या ठेवायच्या असतील तर सॅक्रिफिशियल इंक असते. प्लुरॉनिक एफ१२७ नावाचं जेल उलटं वागतं, फ्रिजमध्ये पातळ आणि खोलीत घट्ट. त्याची नळी प्रिंट करायची, भोवती पेशींचं जेल ओतून घट्ट करायचं, मग गार करून आतलं प्लुरॉनिक ओढून काढायचं, नळी रिकामी. जॉर्डन मिलर यांनी २०१२ मध्ये हेच साखरेच्या काचेने केलं होतं, मस्त आयडिया, पण आपल्या हवेत साखरेची काच जुलैत करायला घेऊ नका.

कोकणात लॅब चालवणाऱ्यांना दोन शत्रू. एक बुरशी, पावसाळ्यात चपलेपासून पुस्तकापर्यंत सगळ्यावर येते ती मीडियावर का नाही येणार, इन्क्युबेटरच्या तळातलं पाणी वेळच्या वेळी बदला आणि पुठ्ठ्याचं खोकं कल्चर रूममध्ये न्यायचंच नाही. दुसरा म्हणजे लाइट. वादळात लाइन तुटली की रात्रभर गेली. इन्क्युबेटर इन्व्हर्टरवर किती तास चालतो हे सुक्या दिवसात एकदा प्लग काढून, थर्मामीटर आत ठेवून तपासा, कंपनीने सांगितलं म्हणून नको. आणि प्रत्येक सेल लाइनचा एक डबा दुसऱ्या शहरातल्या ओळखीच्या लॅबमध्ये फ्रीज करून ठेवायला द्या.

राहिली साफसफाई. यीस्टचं जेल उकळून मगच टाकायचं, पेशींचं असेल तर ऑटोक्लेव्ह करून पिवळ्या पिशवीत. सुया बेसिनवर तशाच ठेवल्यात तर सकाळपर्यंत अल्जिनेट आत वाळून बसतं आणि कितीही टोचलं तरी निघत नाही. वापरून झाल्या झाल्या सोडियम सायट्रेटच्या पाण्यात बुडवा, सायट्रेट कॅल्शियम ओढून घेतं, घट्ट झालेलं अल्जिनेट परत पातळ होतं, मग सिरिंजने दोनदा पाणी मारा आणि सुकवून डबीत.